सातवीतली मुलगी, पाचवीतली मुलगी

नागपूरहून जबलपूरला जाणारा रस्ता सिवनीवरून जातो. वसंत पंचमीचा दिवस, १५ फेब्रुवारी १९४८. नागपूरचं काम आटोपून हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान मोटारीने घरी निघाल्या होत्या. मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी तेव्हा नागपूर आणि त्या तिथल्या विधानसभेच्या सदस्य, त्यामुळे हा रस्ता त्यांच्या सवयीचा. सिवनीजवळ अपघात झाला आणि त्या गेल्या. वय ४३. रस्त्यात कोंबडीची पिल्लं आडवी आली, त्यांना वाचवा म्हणून त्या कळवळून ओरडल्या, असं सांगतात. कदंबावर चढून कन्हैया होऊ पाहणाऱ्या मुलाची कविता जिने लिहिली, तिच्याबद्दलची ही गोष्ट मला कधी खोटी वाटली नाही.

आम्ही जबलपूरचे मराठी. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि दोन्हींना जोडणारी सुभद्राकुमारींची 'झाँसी की रानी'. भाषा हिंदी, नायिका तांब्यांची मनू, म्हणून ती म्हणताना आम्हा मुलांचा आवाज जरा जास्तच चढायचा. मला मात्र त्या कवितेत राणीच्या दोन सख्या भेटल्या आणि त्यांनी माझी पाठ सोडली नाही. काना आणि मंदरा. त्या राणीबरोबर रणात येतात, शर्थीने लढतात, आणि लगेच मागून इंग्रज सेनापती ह्यू रोज येतो. कवितेला राणीची घाई आहे. सख्यांचं पुढे काय झालं ते ती सांगत नाही. वाचणाऱ्या मुलाला मात्र तेच हवं असतं. मैत्रिणीसाठी जिवावर उदार झालेली मैत्रीण गेली कुठे, हे त्याला राणीच्या मरणाइतकंच मोठं वाटतं.

मी सातवीत असताना आमच्या वर्गातली एक मुलगी तापाने गेली. आम्ही डबा वाटून खायचो. कार्तिकात ग्वारीघाटला नर्मदेत दिवे सोडताना दोघींच्या पणत्या एकाच द्रोणात ठेवायचो. ती गेल्याचं मोठ्यांनी आम्हाला धड सांगितलंही नाही. थोड्याच दिवसांत माझ्या शेजारी दुसरी मुलगी येऊन बसली. घरी विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जायची. मुलांना मरणाची झळ लागू द्यायची नाही, ही त्या पिढीची माया होती, हे आज समजतं. तेव्हा मला एवढंच कळत नव्हतं की तिचं नाव आता मोठ्याने घ्यायचं की नाही.

पुस्तकांतही ते सापडेना. 'श्यामची आई'ने आईचं जाणं सोसायला शिकवलं होतं. फास्टर फेणेचे दोस्त प्रत्येक संकटातून सुखरूप परतायचे आणि त्यांनी परतावं असंच मला वाटायचं. मित्र परतलाच नाही तर मागे राहिलेल्याने काय करायचं, हे माझ्या हाती आलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मला ते फार उशिरा, भाचीच्या नववीच्या हिंदीच्या पुस्तकातून गवसलं. 'क्षितिज' नावाच्या त्या पुस्तकात कवयित्री महादेवी वर्मांचा 'मेरे बचपन के दिन' हा धडा होता. अलाहाबादचं क्रॉस्थवेट गर्ल्स कॉलेज, तिथलं वसतिगृह, एकेका खोलीत चार-चार मुली. महादेवी पाचवीत, सुभद्रा सातवीत. सुभद्रा कविता करते हे सगळ्यांना ठाऊक, महादेवी मात्र लपूनछपून लिहिणारी. सुभद्राने विचारलं तर तिने कानांवर हात ठेवले. मग सुभद्राने तिची पुस्तकं धुंडाळली, आतून कविता निघाल्या, आणि त्या कागदांसकट महादेवीला हाताला धरून तिने वसतिगृहभर मिरवलं. कॉलेजात एका झाडाची फांदी खाली वाकलेली होती. इतर मुली खेळायच्या तेव्हा या दोघी त्या फांदीवर बसून यमकं जुळवायच्या.

मला हे वाचताना भरून येतं. हेवा वाटायला इथे केवढी जागा होती! नाव झालेली मोठी मुलगी आणि तिच्याच वाटेवर येऊ पाहणारी धाकटी. पण थोरलीने धाकटीचं गुपित फोडलं ते तिचं कौतुक व्हावं म्हणून. पुढे हिंदी कवितेत दोघींची नावं शेजारी-शेजारी घेतली जाऊ लागली, तरी त्यांच्यात स्पर्धा कधी शिरली नाही.

त्याच धड्यात चांदीच्या वाटीची गोष्ट आहे. महादेवीला कवितेसाठी बक्षीस म्हणून एक नक्षीदार वाटी मिळाली. सुभद्रा म्हणाली, आता खीर कर आणि याच वाटीतून मला खाऊ घाल. तेवढ्यात गांधीजी आनंद भवनात आले. मुली खाऊच्या पैशांतून आणा-दोन आणे देशासाठी साठवायच्या, ते त्यांना द्यायला गेल्या. महादेवीने वाटीही दाखवायला नेली होती. गांधीजींनी ती मागितली आणि तिने देऊन टाकली. कविता म्हणून दाखव, असं काही ते बोलले नाहीत, याची तिला रुखरुख लागली. परतल्यावर सुभद्राने चिडवलं आणि बजावलं की वाटी गेली म्हणून खीर सुटत नाही, पितळेच्या वाटीतून दे पण दे. इतक्या वर्षांनी लिहिताना महादेवींना गांधीजींच्या भेटीइतकीच ही खीर आठवते.

आणि त्या खोलीत एक मराठी मुलगीही होती. सुभद्रा वसतिगृह सोडून गेल्यावर तिच्या जागी कोल्हापूरची झेबुन्निसा आली. काठाचं लुगडं नेसणारी, हिंदीत मराठी शब्द पेरणारी. ती महादेवीचं टेबल आवरायची, पुस्तकं नीट लावायची, म्हणजे हिला कविता करायला वेळ मिळावा. महादेवी तिच्याकडून थोडंथोडं मराठी शिकली. या कोल्हापूरच्या मुलीचं नाव आपल्या मुलांना का माहीत नसावं, याचं मला खरोखर दुःख होतं.

धडा सुभद्राला हसतीखेळती ठेवूनच पुढे सरकतो. तिचं जाणं महादेवींनी दुसरीकडे लिहिलं, १९५६ च्या 'पथ के साथी'मध्ये. त्यात रडणं फार थोडं आहे. पाचवीतल्या मुलीची गणिताची वही आहे, जिच्यात कविता सापडल्या. जबलपूरच्या घरातली जमीन सारवण्यासाठी दोघी कवयित्रींनी लावलेली पैज आहे. आणि एक बोलणं आहे, मरणानंतर काय हवं याबद्दलचं. महादेवींना समुद्रातली एक बिननावाची लाट व्हायचं होतं. सुभद्राकुमारींना मेल्यावरही पृथ्वी सोडायची नव्हती. आपली समाधी असावी, तिच्याभोवती रोज जत्रा भरावी, मुलांनी खेळावं, बायकांनी गावं, गलका व्हावा, एवढं त्यांचं मागणं.

मैत्रिणीचं मरण मुलांपुढे असंही मांडता येतं: ई. बी. व्हाइट यांनी १९५२ च्या 'शार्लट्स वेब'मध्ये शार्लट या कोळिणीला मरू दिलं, ओस पडलेल्या जत्रेच्या मैदानात, अगदी एकटीला. त्या पुस्तकाचं मोठेपण मला त्यापुढच्या प्रसंगात दिसतं. जिने जाळ्यात अक्षरं विणून ज्याचा जीव वाचवला, तो विल्बर नावाचा डुकराचा पोर तिची अंड्यांची पिशवी तोंडात जिभेवर धरून गोठ्यात आणतो. मागे राहिलेल्याच्या हाती काहीतरी काम असतं, हे मुलाला तिथे उमगतं. मला सातवीत कुणी एवढं सांगितलं असतं तर पुरे होतं.

महादेवींनी ते काम केलं. जबलपूरच्या लोकांनी वर्गणी काढून सुभद्राकुमारींचा पूर्णाकृती पुतळा नगरपालिकेच्या आवारात उभारला. २७ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याचं अनावरण करायला वसतिगृहातली तीच मैत्रीण आली. नद्यांना स्मारकं लागत नाहीत, अशा अर्थाचं त्या तेव्हा बोलल्या. तरीही आल्या, पुढे लिहीत राहिल्या, आणि त्यांनी लिहिलेली ती खोली, ती फांदी, ती वाटी नववीतल्या मुलांपर्यंत पोहोचली. निष्ठा म्हणतात ती हीच, आणि ती मुलांना दाखवता येते.

म्हणून शिक्षकांना आणि आईवडिलांना माझी विनंती आहे. मुलांना 'झाँसी की रानी' शिकवाल तेव्हा काना आणि मंदरापाशी थांबा, त्यांना प्रश्न विचारू द्या. वाटीचा धडा झाला की त्यातली सुभद्रा कशी गेली आणि तिच्या मैत्रिणीने पुढे काय केलं, तेही सांगा. मुलं ते सोसतात. आणि जबलपूरला आलात, मुलांना पुतळा दाखवायला नेलंत, तर तिथे त्यांना गप्प बसवू नका. खेळू द्या, हवा तेवढा गोंगाट करू द्या. बाईंनी तेच मागितलं होतं.