मयतीची बैठक

गावात मयत झाली की आधी बांबू शोधायला माणसं निघत. अर्धापूर भागात ते सोपं होतं. केळीच्या घडांना टेकू द्यायला बागेत बांबू असायचेच, त्यांतलेच दोन सरळसे उचलून आणायचे. अंगणात ते शेजारी ठेवायचे, आडव्या कामट्या सुतळीनं आवळायच्या, वर कडबा अंथरायचा. हे काम सुताराकडे कधी गेलं नाही. गल्लीतला एखादा जाणता माणूस मयताकडे एकदा नजर टाकून लांबी-रुंदी ठरवायचा. त्या एकाच माणसाच्या मापाचं ते काम तासाभरात तयार व्हायचं आणि दिवस मावळायच्या आत कामी यायचं. मडकं तिथंच फुटे, बांबूही तिथंच राहत. स्मशानात गेलेली वस्तू घरी आणायची नसे.

लिंगायतांकडे काम आणखी नाजूक. मृताला बसवून न्यायचं, म्हणून सजवलेलं विमान. पाठीला आधार हवा, मान कलू नये, खांदेकऱ्यांची पावलं चुकली तरी तोल जाऊ नये. लातूर-नांदेडकडे हे बांधणारे हात अजून आहेत, पण फार नाहीत.

जिवंत माणसांच्या सोयीचा विचार मात्र कुणी करत नसे. लोक चिंचेच्या मुळांवर, चपला बुडाखाली घेऊन नाहीतर उकिडवे बसत. जुन्या आठवणी काढताना आषाढातली मयतही आठवावी: ओली लाकडं, वर धरलेली ताडपत्री, पुन्हा पुन्हा ओतलेलं रॉकेल. आणि जातीजातीच्या वेगळ्या जागा, कुणाच्या तरी वावरातून जाणारी वाट. ते काही सोनं नव्हतं.

आता शासनाच्या जनसुविधा योजनेतून नाहीतर आमदार निधीतून पत्र्याचं शेड झालं. वेल्डिंगवाला लोखंडी जाळी करून देतो, सरण ढासळत नाही, लाकूडही कमी लागतं. शहरात वैकुंठरथ आला, खांदा बदलायचं कारण उरलं नाही. आणि सिमेंटची बाकडी आली. पाठीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. टेकून बसलं की कोरलेली अक्षरं पाठीला टोचतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी ती सरणाच्या इतकी जवळ रोवलेली असतात, की ज्वाळा धरल्या की तिथं कुणाला बसवत नाही. म्हातारी माणसं उठतात आणि पुन्हा झाडाखाली जातात.

परदेशातल्या आपल्या माणसांची तऱ्हा निराळी. लंडनचं गोल्डर्स ग्रीन दहनगृह १९०२ सालचं. तिथल्या चॅपलसारख्या सभागृहात बाकांच्या रांगा, बोलणाऱ्यासाठी उभं टेबल, पेटीसाठी ओटा, आणि सगळं ठरलेल्या वेळेत. अग्नी द्यायचा म्हणजे पुष्कळदा थोरल्या मुलानं बटण दाबायचं. ते आपल्याला परकं वाटतं, पण बसणाऱ्याचा विचार तिथं सुताराच्या मापापर्यंत झालेला असतो. आपल्याकडेही असं काम झालं आहे: सुरतेचं अश्विनीकुमार स्मशान गुरजितसिंग मठारू या वास्तुकारानं घडवलं. आमच्याकडे मात्र शेडचा आराखडा म्हणजे चार खांब आणि पत्रा. चॅपलातलं एकच आपण मनापासून घेतलं, भाषण. चिता धडधडत असताना माइकवर ‘आता साहेब श्रद्धांजली वाहतील’ सुरू होतं, आणि साहेबांच्या आधी कोण बोलणार यावर मागं कुजबुज.

एक बदल मात्र मनापासून आवडला. पूर्वी बायका उंबऱ्यापासून मागे फिरत. आता लेकी येतात, काही ठिकाणी अग्नीही देतात. त्यांना बसायला मात्र जागा नाही. पुरुष बाकडी धरतात, त्या भिंतीला टेकून उभ्या. पुढच्या निधीत काय घ्यायचं असं कुणी विचारलंच तर सांगेन: बाकडी दहा-पंधरा पावलं मागं घ्या, नावं पाठीवरून काढून पायाशी लिहा, बायकांसाठी सावलीत एक लांब ओटा बांधा, हातपाय धुवायला नळ द्या. माइकचे पैसे वाचवा.