दुसरे जावळ

डोक्यावरचे केस ही शेवटी शोभेची वस्तू, असे मी अनेक वर्षे मानत आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला सकाळी वेणी घालायला पाच मिनिटे पुरत. त्यामुळे २०१४ सालच्या भाद्रपदात माझ्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा मला भय वाटले ते मरणाचे. पुढे मुंबईला शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर मी सही केली तीही फारशी न डगमगता. एक अवयव कायमचा जाणार होता. तरी मी रडले नाही. रडले ती महिन्याभराने, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला, आणि तेही मूठभर केसांसाठी. त्या रडण्याची मला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

औषधाची पहिली मात्रा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. डॉक्टरांनी सारे नीट समजावून सांगितले होते. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने विभागत असतात. औषध अशा विभागणाऱ्या पेशींना गाठून मारते. परंतु शत्रू कोण आणि घरचा कोण, हे त्याला ओळखता येत नाही. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तितक्याच वेगाने वाढतात, म्हणून त्याही सापडतात. दोन ते तीन आठवड्यांत केस जातील आणि औषध थांबले की काही महिन्यांनी परत येतील, असे ते म्हणाले होते. मी मान डोलावली होती. डॉक्सोरुबिसिन नावाचे ते लालभडक औषध शिरेत उतरताना मी पाहिले होते. पण ऐकलेले कळणे वेगळे आणि हाताला लागणे वेगळे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाई नेहमीप्रमाणे तेलाची वाटी घेऊन पाटामागे बसल्या. त्यांनी टाळूवर तेल घातले, बोटे फिरवली आणि त्यांचा हात मध्येच थांबला. मी मागे वळून पाहिले. त्यांच्या दोन्ही हातांत माझे लांब केस मुळासकट आले होते. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते केस पदरात गोळा केले आणि माझ्या दृष्टीआड केले. बाहेर अंगणात मुलांचे फटाके वाजत होते. मी पाटावर बसल्या बसल्या गुडघ्यांत तोंड घालून रडले.

पुढच्या चार दिवसांत उशीवर, ताटात, शाळेच्या वहीच्या पानांत, सगळीकडे केस. 'केसांवर भांडी' अशी आरोळी देत गल्लीतून एक बाई नेहमी जात असे. त्या आठवड्यात तिचा आवाज ऐकला की मी दार लावून घेई. अखेर उरलेले केस काढूनच टाकावेत असे ठरले आणि यजमानांनी गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या नाभिकाला घरी बोलावले. तो आला, ओसरीवर बसला, पेटी उघडलीच नाही.

"ताई, तुमच्या लेकीचं जावळ मीच काढलं. मास्तरांची दाढी मीच करतो. पण मास्तर समोर बसलेले असताना तुमच्या डोक्याला वस्तरा लावायचा म्हणजे माझा हात धजंना."

मला त्याचा राग आला. मी आजारी आहे, विधवा नव्हे, असे तोंडावर आलेले शब्द मी गिळले. परंतु तो शब्द गिळतानाच लक्षात आले की त्याला जे दिसत होते तेच मला आरशात दिसत होते. आपल्याकडे बाईच्या मुंडण केलेल्या डोक्याला एकच अर्थ दिलेला आहे. शतकानुशतके नवरा मेलेल्या बाईचे केस उतरवले गेले, ते तिने पुन्हा कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले ते अशाच स्त्रियांना आसरा आणि शिक्षण मिळावे म्हणून. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. हा धडा मी वर्गात कितीदा शिकवला होता! आज त्याच परंपरेतला एक साधा माणूस माझ्या ओसरीवर बसून वस्तरा उघडायला नकार देत होता, आणि त्या नकारात भीती जितकी होती तितकेच सौजन्यही होते.

तोडगा त्यानेच काढला. वस्तऱ्याऐवजी केस कापण्याचे मशीन त्याने यजमानांच्या हाती दिले आणि स्वतः दाराबाहेर पाठ करून उभा राहिला. पुढे रुग्णालयातल्या परिचारिकेने सांगितले की हेच योग्य झाले. औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, वस्तऱ्याची बारीक जखमही चिघळू शकते. यजमानांचे हात थरथरत होते. काम झाल्यावर नाभिकाने पैसे घेतले नाहीत. "केस येतील तवा बघू," एवढेच म्हणून तो गेला.

दर २१ दिवसांनी एस.टी.ने परभणी गाठायची आणि तेथून रात्रीच्या देवगिरीने मुंबई, असा क्रम सुरू झाला. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम. त्या धर्मशाळेत मला एक गोष्ट उमगली. तेथे माझ्यासारख्या कितीतरी जणी होत्या. बिहारच्या, बंगालच्या, आपल्या विदर्भाच्या. पहिल्या दिवशी मी पदर घट्ट आवळून बसले होते. दुसऱ्या दिवशी उकाड्याने तो खांद्यावर घेतला आणि कोणी मान वर करूनही पाहिले नाही. नळावर आम्ही एकमेकींच्या डोक्यांकडे पाहून हसतही असू. परतीच्या प्रवासात मात्र परभणीचे स्टेशन जवळ आले की माझा हात आपोआप पदराकडे जाई. डोके तेच होते, पण पाहणारे डोळे बदलत होते. छातीवरचा व्रण पदराखाली राहिला होता, तो कोणाला दाखवायचा हे मी ठरवू शकत होते. केसांनी तो अधिकार माझ्याकडून काढून घेतला. पालमच्या बाजारात मला पाहणाऱ्या प्रत्येकाला माझे दुखणे मी न सांगता कळत होते. माझे रडणे शोभेसाठी नव्हते, या हिरावलेल्या अधिकारासाठी होते, हे मला तेथे समजले.

आता जे सांगायचे ते सांगायला अजूनही जड जाते. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिचे केस दाट, कमरेपर्यंत पोहोचणारे. रोज सकाळी शाळेपूर्वी तिच्या दोन वेण्या मी घालत असे. माझे केस गेल्यानंतर मी ते काम सासूबाईंवर टाकले. हातात शक्ती नाही, बोटांना मुंग्या येतात, असे कारण दिले. मुंग्या खरेच येत होत्या, पण ते पूर्ण सत्य नव्हते. तिच्या केसांत कंगवा घालण्याची कल्पनाच मला सहन होत नव्हती. पोटच्या लेकीचा मला हेवा वाटत होता. एके दिवशी तिने, "आई, मीपण केस कापू का?" असे विचारले आणि मी तिच्यावर इतकी ओरडले की ती रडत आजीकडे गेली. तिला वाटले, आई रागावली. आईला तिच्या उदारपणाची शरम वाटली, हे त्या लहानग्या जिवाला कसे कळावे?

संक्रांत आली. शेजारच्या घरी हळदीकुंकू होते. जाऊ नये असे वाटत होते, पण सासूबाई हट्टाने घेऊन गेल्या. हळदीकुंकू लागले, तिळगूळ मिळाला. मग गजऱ्यांचे ताट घेऊन एक नवी सून ओळीने पुढे येऊ लागली. माझ्यापाशी येताच ती घोटाळली. गजरा माळायचा कोठे? काय करावे ते न सुचून ती पुढच्या बाईकडे वळली. तिच्या मनात काहीच वाईट नव्हते, म्हणूनच ते अधिक लागले. तेवढ्यात घरच्या वडीलधाऱ्या काकूंनी ताटातून गजरा उचलला, माझ्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाल्या, "घरी लेक आहे ना तुझी? तिला माळ. मानाचा गजरा परत पाठवत नाहीत."

तो गजरा घेऊन मी घरी आले. मुलगी अभ्यासाला बसली होती. मी तिला समोर बसवले, तिच्या वेण्या सोडल्या आणि अडीच महिन्यांनी तिच्या केसांत कंगवा घातला. बोटांना मुंग्या होत्या, भांग वाकडा पडला, वेणी सैल झाली. ती काहीही बोलली नाही, मान हलवलीसुद्धा नाही. गजरा माळून झाल्यावर मी तिला सारे सांगितले. हेव्याचेही सांगितले. तिने थोडा वेळ ऐकले, मग उठून तेलाची वाटी आणली. "आता तू बस," म्हणाली. दिवाळीनंतर माझ्या डोक्याला कोणाचा हात लागला नव्हता. मीच लागू दिला नव्हता. तिची लहान बोटे त्या उघड्या टाळूवर फिरू लागली तेव्हा मला आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई आठवली. दासी म्हणून राबणाऱ्या त्या जनीची वेणीफणी करायला प्रत्यक्ष विठ्ठल येऊन बसतो, ही कथा आमच्या भागात लहानपणापासून कानांवर पडते. ती केसांच्या सौंदर्याची कथा आहे असे मी समजत असे. त्या रात्री कळले की ती हातांची कथा आहे. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही त्याच्या डोक्यावर प्रेमाने हात ठेवण्याची कथा.

फेब्रुवारीअखेर आठवी आणि शेवटची मात्रा झाली. नंतर छातीवर किरणोपचार झाले, त्यांचा डोक्याच्या केसांना उपद्रव नसतो. मे महिन्याच्या उन्हात एका सकाळी मुलगी ओरडली, "आई, तुला जावळ आलं!" खरोखरच जावळ होते, मऊ, भुरके, बोटाला जाणवेल न जाणवेल असे. पुढे ते वाढले ते कुरळे. माझे पूर्वीचे केस सरळ होते. औषधानंतर असे पुष्कळदा घडते. ओसरीवर येऊन नाभिकाने ते कौतुकाने पाहिले आणि हसून म्हणाला, "हे जावळ मात्र काढायचं नाही."

२०१८ साली अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी उपचारांच्या काळातली आपली केसविरहित छायाचित्रे सर्वांसमोर ठेवली. मुलीने मला ती दाखवली. मला मनापासून आनंद झाला. ज्या डोक्याला आपल्याकडे एकच अर्थ होता, त्याला आता दुसराही अर्थ मिळत होता. मात्र तो अर्थ गावोगावच्या ओसऱ्यांपर्यंत पोहोचायला अजून वेळ लागेल.

आज आमच्या पंचक्रोशीत कोणा बाईचे असे उपचार सुरू झाले की मला बोलावणे येते. मी जाते. घरचे लोक तिला समजावत असतात, "जीव वाचला, केसांचे काय? परत येतील." त्यांचे म्हणणे खोटे नसते. माझेही केस परत आले. पण मी तिला तसे सांगत नाही. मी तिच्याजवळ बसते आणि तिला रडू देते. निघताना तिच्या परवानगीने तिच्या डोक्यावरून हात फिरवते. पहिल्यांदा ती आक्रसते. मग हळूच मान खाली करते.