रक्त कमी आहे!

आमच्या मुरुडात 'अंगात रक्त नाही' हे वाक्य इतके सर्रास ऐकू येते की कुणी दचकत नाही. बाळंतीण असो, परीक्षेला बसलेली पोर असो, की रानातून थकून आलेला म्हातारा असो, सगळ्यांना हेच एक निदान आणि उपायही एकच: लोहाच्या गोळ्या आणि गूळ-शेंगदाणे. पुष्कळांना त्याने गुण येतो, म्हणून पुढे कुणी काही विचारत नाही. पण 'रक्त कमी आहे' हे रोगाचे नाव नव्हेच. तो एक प्रश्न आहे. हे मला आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, आजारपणात कळले. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी संबंध शाळेतच संपला. पण घरच्या माणसाचा रोग समजून घ्यायला शाखा आड येत नाही.

आबांचे वय चौऱ्याहत्तर. रानातून घरी येताना ते वाटेत दोनदा बसू लागले. मार न लागताही दंडावर काळेनिळे डाग उठू लागले. सहा महिने गोळ्या झाल्या, ताकदीची इंजेक्शने झाली, दोनदा सलाईन झाले. हिमोग्लोबिन मात्र उतरतच गेले. शेवटी लातूरला नेले. तपासणीचा कागद हाती आला तेव्हा हिमोग्लोबिन होते ६.८, पांढऱ्या पेशी २,२०० आणि प्लेटलेट ५८,०००. तिन्ही कमी! शिवाय लोह कमी पडले की लाल पेशी सहसा लहान होतात. आबांच्या तर मोठ्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "तिन्ही तऱ्हेच्या पेशी एकदम घटल्या आहेत. रक्त जिथे तयार होते तिथेच बघावे लागेल."

तथापि त्यांनी लगेच सुई हातात घेतली नाही. मोठ्या लाल पेशींचे कारण साधेही असू शकते, आणि असे एक कारण सापडले ते आपल्या मुंबईतच. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या पांडुरोगाचा तिने अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. फॉलिक आम्ल किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर रक्तपेशी अशाच मोठ्या आणि बेढब होतात; पण गोळ्या-इंजेक्शनांनी त्या पूर्ववत होतात. आम्हांला वाटले, आबांचेही तेच असावे. दोन्ही औषधे दिली. तीन आठवडे आई रोज आबांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून लाली शोधत असे. लाली आली नाही. दरम्यान थायरॉईड, यकृत, एचआयव्ही, पूर्वी घेतलेली औषधे, दारू अशी एकेक शंका तपासून खोडली गेली. या रोगाचे निदान असेच होते. इतर साऱ्या शक्यता बाजूला सारल्यावाचून त्याचे नाव घेता येत नाही.

मग कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून, मज्जा काढली. लहानपणी 'मज्जा आली' म्हणून टाळ्या पिटलेला शब्द तो! रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होते, हे १८६८ साली न्यूमन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले. आबांची मज्जा रिकामी असेल, अशी माझी समजूत होती. अहवाल उलटा निघाला: मज्जा पेशींनी भरलेली! पण त्या वेड्यावाकड्या घडत होत्या आणि रक्तात उतरण्याआधीच मरत होत्या. हे सारे मी आबांना सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजी ताटं उभी हायती, पर कणसात दाणा भरंना. आसंच की न्हाई गं?" कोरडवाहू ज्वारी काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला याहून अधिक समजावण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

या रोगाला 'मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम' म्हणतात. ग्रीक 'मायलोस' म्हणजे मज्जा आणि 'डिस्प्लासिया' म्हणजे बिघडलेली घडण. मज्जेतल्या मूळपेशीत दोष शिरतो आणि तिची सारी पिलावळ तशीच निपजते. हा रोग बहुधा उतारवयात होतो. तो संसर्गजन्य नाही. मज्जेत कोवळ्या, अपक्व पेशी किती, हे फार महत्त्वाचे. त्या शेकडा २० वर गेल्या तर सामान्यतः तो तीव्र रक्तकर्करोग मानतात. आबांच्या ३ होत्या. गुणसूत्रे तपासायला नमुना मुंबईला गेला. कारण अपक्व पेशी, गुणसूत्रे आणि रक्ताचे तीन आकडे एकत्र मांडून धोका ठरवतात.

घरात खरा वाद झाला तो एका शब्दावरून. हा कॅन्सर आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या वर्गीकरणात नावातला 'सिंड्रोम' काढून अर्बुदवाचक शब्द घातला. तेव्हा उत्तर 'होय' असेच. आमच्या भागात 'बार्शीला दाखवले' म्हटले तरी लोक आवाज खाली आणतात. त्याच बार्शीत १९८७ पासून खेड्यांतल्या कर्करोग्यांची नोंद ठेवली जाते. मनात येते, ज्याची मज्जा कधी तपासलीच नाही, जो 'रक्त कमी होऊन गेला', तो कोणत्या नोंदीत सापडणार? काका म्हणाले, आबांना नाव सांगू नका. मी सांगितले. स्वतःच्या रोगाला नाव नसणे, हे मला अधिक एकाकी वाटले.

पूर्ण बरे करणारा उपाय एकच, दुसऱ्याच्या मज्जेचे रोपण. पण उतारवयात तो क्वचितच झेपतो. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनाही हाच रोग होता. बहिणीची मज्जा त्यांना तीनदा दिली, तरी १९९६ साली ते न्यूमोनियाने गेले. आबांना आता दर तीन आठवड्यांनी रक्ताच्या दोन पिशव्या लागतात. गंमत पाहा: एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जाते आणि शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकते. ज्यांना सहा महिने लोह चारले, त्यांच्या अंगातले जादा लोह आता मोजावे लागते!

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणाचे 'रक्त कमी' असेल आणि गोळ्यांनी ते वाढत नसेल, तर एवढेच विचारा: का कमी आहे? पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट किती आहेत? पेशींचा आकार कसा आहे? आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे रक्तदान शिबिर लागेल तेव्हा रांगेत या. जपून ठेवल्या तरी लाल पेशी जेमतेम सहा आठवडे टिकतात. आबांची पुढची पाळी मात्र तीन आठवड्यांवर असते.