बेणारेबाई उठल्या का?

चकली मऊ पडली किंवा अनारसा कढईत विरघळला, म्हणून आमच्या घरी दिवाळीत कधी भांडण झालेले नाही. गेल्या दिवाळीत मात्र एका बाईवरून झाले. आणि ती बाईही खरी नव्हे, बोलपटातली!

वसुबारसेची रात्र होती. कढई उतरवून आम्ही जरा टेकलो होतो. मुलीने संगणकावर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ लावला. सत्यदेव दुबे यांचा हा १९७१ सालचा बोलपट. विजय तेंडुलकरांचे मूळ नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले होते, बोलपटाची पटकथाही तेंडुलकरांनीच लिहिली. सणाच्या दिवसांत हे कुठले रडगाणे, असे सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मुंबईची एक हौशी मंडळी गावात प्रयोगासाठी जाते. प्रयोगाला अवकाश असतो. वेळ जावा म्हणून खोटा खटला चालवायचे ठरते. आरोपी कोण? लीला बेणारे, अविवाहित शिक्षिका. आरोप कोणता? भ्रूणहत्येचा. सुरुवातीला सगळेच हसतात, बेणारेही हसते. मग एकेक साक्षीदार उठतो, आणि खेळातल्या साक्षी खऱ्या होऊ लागतात. तिला दिवस गेले आहेत. ज्याचे मूल तो संसारी प्राध्यापक दामले त्या दिवशी हजरच नाही. ती दाराकडे धावते, तर कडी बाहेरून लागलेली!

बोलपट संपला, आणि घरात कोणी बोलेना.

“संपलं तिचं,” शेवटी आमचे हे म्हणाले. “पर्समध्ये टिक-ट्वेंटी घेऊन हिंडणारी बाई ती. आज नाही तर उद्या.”

“काही नाही, उठली असणार,” सासूबाई म्हणाल्या. “बाईमाणसाला पडून राहायला सवड कुठं असते? सकाळी शाळा असेल तिची.”

“पण आजी, दाखवलंय कुठं?” मुलगी वैतागली. “हा काय शेवट झाला?”

मग तिघांनी माझ्याकडे पाहिले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी मुलुंडला शिशुवर्गाला शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. घरातल्यांच्या मते मी शेवटांची जाणकार! मी उठून नाटकाचे पुस्तक काढले.

पुस्तकातला शेवट असा. न्यायाधीश झालेले काशीकर शिक्षा फर्मावतात : तुझ्या पोटातला गर्भ नष्ट करण्यात येईल. भ्रूणहत्येसाठी जिला आरोपी केले, तिला शिक्षा भ्रूणहत्येचीच! बेणारे कोसळते. तेवढ्यात बाहेरून दार उघडते. प्रयोगाला माणसे जमू लागली आहेत. लगेच सगळे पुन्हा भले होतात. अग, तो खेळ होता, मनाला लावून घेऊ नकोस, म्हणतात आणि तयारीला निघून जातात. मागे येतो तो एकटा सामंत, त्याच गावचा साधासुधा माणूस. घरच्या पोरासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट तो तिच्याजवळ हळूच ठेवतो आणि निघून जातो. ती किंचित हालचाल करू पाहते, पण तेही सोडून देते. मग तिच्याच आवाजात चिमणी-पोपटाचे बालगाणे ऐकू येते. पडदा.

म्हणजे आमचे हेही खरे आणि सासूबाईही खऱ्या!

लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून त्याने तो मोकळा सोडला, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. स्विस लेखक फ्रीडरिश ड्युरेनमॅट यांची ‘डी पाने’ नावाची १९५६ सालची कथा आहे. मोटार बिघडल्याने एक फिरता विक्रेता एका निवृत्त न्यायाधीशाच्या घरी मुक्काम करतो. तिथले म्हातारे जेवताजेवता त्याच्यावर गमतीचा खटला चालवतात. कथेत तो त्याच रात्री गळफास घेतो. याच विषयावरच्या त्यांच्या नभोनाट्यात मात्र तो सकाळी उठतो आणि मोटार घेऊन चालू लागतो. एकाच लेखकाचे हे दोन शेवट. तेंडुलकरांनी एकही शेवट दिला नाही. बाई मेली असती तर आपण डोळे पुसले असते, उठली असती तर सुस्कारा सोडला असता, आणि दोन्हीकडून आपण सुटलो असतो. त्यांना आपल्याला सोडायचे नव्हते.

आणि हे सारे फार लांबचे नाही हो! पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली एक हौशी मंडळी तेंडुलकरांना भेटली. त्यांना वाट दाखवताना कानांवर पडलेल्या गप्पांतून हे नाटक सुचले, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. आपल्याच उपनगरांतली माणसे ती. बेणारेचे काम करणाऱ्या सुलभा देशपांडे स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. शिक्षकांच्या खोलीत किती सहज न्यायालय भरते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

मलाही नको. कारण त्या न्यायालयात मी बसले आहे.

चौदा वर्षे झाली. मी तेव्हा दुसऱ्या एका शाळेत होते. आमच्यात एक तरुण शिक्षिका होती, अविवाहित. तिने गोष्ट सांगायला घेतली की मुले डबा खायचे विसरत. दिवाळीच्या सुटीआधीच्या दुपारी आम्ही आकाशकंदिलाचे कागद कापत बसलो होतो. हिला मळमळते म्हणे, ही सैल कपडे घालते म्हणे, अशी एकेकीची साक्ष झाली. मग कोणीतरी म्हणाले, “अहो कादंबरीवाल्या बाई, तुम्ही सांगा, याचा शेवट काय?”

आणि मी सांगितला. चांगला रंगवून सांगितला. सगळ्याजणी हसल्या. हसू ओसरले तेव्हा ती दारात उभी दिसली. हातात गोंदाची वाटी होती. वाटी टेबलावर ठेवून ती गेली. “अग, गंमत केली!” असे मागून ओरडलेही मी. सुटी संपल्यावर ती आली नाही, तिचा राजीनामा आला.

ऐकले ते खरे होते की खोटे, हे मला आजही ठाऊक नाही. तिचा पत्ता माझ्या वहीत होता. तरी चौदा वर्षे मी मनाला समजावत आले, उठली असेल ती, दुसरी शाळा मिळाली असेल. त्या रात्री पुस्तक मिटताना ध्यानात आले, ते असे : सासूबाईंच्या तोंडी ‘उठली असणार’ ही माया होती, त्यांनी जन्मभर तसेच उठून काम केले आहे. माझ्या तोंडी ती पळवाट होती. बेणारे उठली की नाही हे आपल्याला कळत नाही, कारण ज्यांना ते पाहता आले असते ते सगळे निघून गेले!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन गाडीत बसले. मुलुंडहून घाटकोपर पाच स्टेशने. पाच स्टेशनांना मला चौदा वर्षे लागली.

टेकडीच्या चढावरचे घर तेच होते. दार तिनेच उघडले. केस थोडे पिकले होते. तिने मला ओळखले, पण ‘या’ म्हणाली नाही. मी पाठ केलेली वाक्ये विसरले.

“त्या दिवशी मी फार वाईट बोलले,” एवढेच कसेबसे म्हटले.

ती काही बोलली नाही. आतून कोणा मुलाने हाक मारली. ‘आई’ म्हणाला की ‘बाई’, मला नीट ऐकू आले नाही. आणि या खेपेस मी त्यावर काही रचायचे नाही, असे ठरवले.

“थांबा, डबा रिकामा करून देते,” ती म्हणाली.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. तिने डबा आणून दिला, मान हलवली आणि दार लोटले. कडी लावल्याचा आवाज मात्र आला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी डबा उघडला. तळाशी दोन चमचे साखर होती.

“रिकामा नाही हो पाठवला,” त्या म्हणाल्या.

आपल्याकडे भांडे कोणी रिकामे परत करीत नाही. ती रीतच आहे. ती रीत होती की आणखी काही, हे मी कोणाला विचारले नाही. संध्याकाळच्या चहात सासूबाईंनी तीच साखर घातली.