माटवीतलं सफरचंद

मैत्रिणींनो, चतुर्थीच्या आदल्या दिवशी मालवणच्या बाजारात कधी आला आहात? नसाल तर एकदा जरूर या. रस्त्याच्या कडेला बायका बसलेल्या असतात. कुणापुढे सुपारीचे घोस, कुणापुढे लालबुंद कवंडळं, कुणापुढे आंब्याचे टाळे आणि चांगली हातभर लांब तवसं. हे सारं माटवीचं सामान. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि त्या दिवसांत रानात-परसात जे पिकलं असेल ते तिला बांधायचं. गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात.

आता या सामानाशेजारी सफरचंदांच्या पेट्याही दिसतात. हे फळ इथलं नव्हे. सिमल्याजवळच्या कोटगड भागात सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी 1916 च्या सुमारास लाल सफरचंदांची कलमं लावली आणि तिथली शेतीच पालटली. त्या जातींना फळ धरायला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागते. आमच्या मालवणात स्वेटर ट्रंकेतून बाहेर निघाला तर नशीब!

मी मूळची घाटावरची. तवसं म्हणजे जून झालेली मोठी काकडी, एवढीच माझी समज. सासूबाईंनी पहिल्या चतुर्थीला धोंडस वाढलं आणि ती समज पार बदलली. तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, नारळ, खाली-वर निखारे. अहाहा!

गेल्या वर्षी मात्र पाऊस असा लागला, की आमचा तवशाचा वेल मुळाशीच कुजला. बाजारातून आणायला उशीर झाला, तवसं संपली होती. यांनी चार सफरचंदं आणून माटवीला बांधली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. वर पाहत नुसत्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, रागावल्या. पण रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, "माझ्या आयेचा बियाणा ता, गो. सगळा गेला." दर वर्षी एक तवसं बियांसाठी राखायचं, बिया राखेत घोळून ठेवायच्या, असं त्यांनी माहेरून आणलेलं बी चाळीस वर्षं जपलं होतं.

पाचव्या दिवशी माटवी उतरली. सफरचंदं पिठूळ झाली होती. मी शाळेतल्या मुलांना वाटणार, तोच त्या म्हणाल्या, "कापून बघ. तवशासारख्याच कर."

मग आम्ही दोघींनी मिळून केलं. तुम्हीही करून पाहा. एक वाटी तांदळाचा रवा चमचाभर तुपावर भाजून घ्या. दोन वाट्या सफरचंदाचा कीस, अर्धी वाटी गूळ, अर्धी वाटी ओला नारळ, चिमूटभर मीठ आणि वेलची घाला. तवशाला भरपूर पाणी सुटतं, सफरचंदाला तेवढं नाही. म्हणून वाटीभर नारळाचा रस हवाच. मिश्रण अर्धा तास मुरू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात हळदीची पानं अंथरून त्यावर ओता, झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास ठेवा. सुरी कोरडी निघाली की झालं. गार झाल्यावरच कापा.

उरलेल्या दोन फळांचं आंबाड्यासारखं रायतं केलं. फोडी मिठाच्या पाण्यात टाका, म्हणजे काळ्या पडत नाहीत. ओला नारळ आणि तीन सुक्या मिरच्या वाटून, शेवटी चमचाभर मोहरी घालून एकदाच फिरवा. जास्त वाटली तर कडू होते. फोडींना हे वाटण, गूळ आणि दोन आमसुलांचं पाणी लावा. फळ गोड असेल तर गूळ बेतानं.

धोंडसाचा तुकडा तोंडात टाकून सासूबाई म्हणाल्या, "तवशाची सर नाय. पण वाया जावक नाय."

प्रसाद घेऊन मी वाडीतल्या एका काकूंकडे गेले. बोलता बोलता वेलाची गोष्ट निघाली. त्या आत गेल्या आणि कागदाची पुडी घेऊन आल्या. "तुझ्या सासूनंच दिल्लला बी ह्या," म्हणाल्या. ती पुडी हातात घेतली तेव्हा सासूबाईंचे डोळे भरून आले.

यंदा मृगात आम्ही दोन वेल लावले. आणि बी? ते मी चार घरी वाटलं आहे.