पस्तीस मिनिटं

माहिती सुरक्षेच्या जागेसाठी मुलाखत घ्यायला बसते तेव्हा उमेदवाराच्या बायोडाटाखाली माझ्याजवळ एक छापील कागद असतो. एका लिनक्स सर्व्हरच्या लॉगचं पान. रात्री अडीचनंतर कुणीतरी बाहेरून पासवर्ड लावून बघतंय. आधी 'ॲडमिन' नावानं, मग 'टेस्ट', मग 'ओरॅकल', मग 'रूट'. प्रत्येक ओळीत 'फेल्ड पासवर्ड'. पान निम्मं सरतं आणि एकच ओळ वेगळी येते, 'ॲक्सेप्टेड पासवर्ड'. पत्ते काळ्या शाईनं खोडलेले आहेत. जुन्या सिसलॉगच्या नोंदीत महिना, तारीख आणि वेळ असते, साल नसतं. म्हणून हा कागद इतकी वर्षं चालला.

तो मला माझ्या पहिल्या साहेबांनी दिला, पुण्यात, 2006 साली. तेव्हा सुरक्षेचं वेगळं खातं फारसं कुठे नसायचं. नेटवर्क सांभाळणाऱ्याकडेच फायरवॉल, त्याच्याकडेच अँटिव्हायरस, आणि प्रिंटर अडकला तरी त्यालाच हाक. साहेबांनी माझ्या मुलाखतीत तो कागद पुढे सरकवला. "काय दिसतंय सांग." मी आत शिरल्याची ओळ दाखवली. "बरं. आता काय दिसत नाहीये ते सांग."

मी वेळांच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेले. त्या सर्व्हरवर दर पाच मिनिटांनी एक ठरलेलं काम चालायचं आणि त्याची क्रॉनची ओळ न चुकता पडायची. दोन चाळीसची आहे. दोन पंचेचाळीसची नाही. दोन त्रेचाळीसनंतर लॉग एकदम तीन अठरावर जातो. पस्तीस मिनिटं, क्रॉनच्या सात ओळी गायब. रात्रपाळीच्या गुरख्याची काठी ऐकू येईनाशी झाली की जाग यावी, तसं झालं मला. आत शिरलेल्या माणसानं आपला माग पुसला होता आणि पुसताना नेहमीच्या, निरुपद्रवी ओळीही पुसल्या होत्या.

पुढे मी टेबलाच्या पलीकडे गेले. नोकऱ्या बदलल्या, कागदाच्या झेरॉक्स निघत राहिल्या. समोरची मुलं मात्र बदलत गेली. आधी हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून आलेली यायची, मग एथिकल हॅकिंगच्या क्लासची. टीसीपी आणि यूडीपीतला फरक, सीआयए ट्रायड, पोर्ट 443, सगळं घडाघडा. पाठांतराला मी नावं ठेवत नाही, पाया त्यानंही भरतो. प्रमाणपत्रांनाही नाही. ओएससीपीसारख्या परीक्षेत जवळजवळ चोवीस तास बसून खरोखर यंत्रं फोडावी लागतात, त्यात कस लागतोच. पण पुढ्यातल्या कागदात खळ पडलीय हे दिसायला वेगळी सवय लागते. ती क्लासमध्ये मिळत नाही, फावल्या वेळात घरच्या जुन्या संगणकाशी झटापट केलेल्यांकडे बहुधा असते.

इंग्रजीचंही सांगायला हवं. लातूर, जळगाव, बार्शीकडची मुलं पहिल्या वाक्यातच अडखळतात आणि शेजारी बसलेले सहकारी लगेच 'कम्युनिकेशन'च्या रकान्यात खूण करतात. मी म्हणते, मराठीत सांगा. खुर्चीतला तोच माणूस सरळ होऊन बसतो. रात्री तीनला सर्व्हर पडल्यावर मला नेमकं बोलणारा माणूस हवा असतो, मग भाषा कुठलीही असो.

एक प्रश्न मी दरवेळी विचारते, "तुम्ही हाताळलेला एखादा प्रसंग सांगा." यात ज्ञानापेक्षा मोठी गोष्ट कळते. काहीजण उत्साहाच्या भरात आधीच्या कंपनीचं नाव, सर्व्हरची आवृत्ती, कुठला पॅच अजून लावलेला नाही, इथपर्यंत सांगून टाकतात. अशा माणसाला मी कितीही हुशार असला तरी घेत नाही. उद्या आमच्या खिडक्या-दारांची माहितीही तो अशीच कुठल्यातरी मुलाखतीत सांगेल. उलट एक मुलगी म्हणाली होती, "मॅडम, एका वित्तसंस्थेत होतं, एवढंच सांगते," आणि तपासाची पद्धत मात्र पायरीपायरीनं उलगडली. तिला आम्ही घेतलं.

दुसरा प्रकार येतो, "काल रात्री तुमची वेबसाइट तपासली, दोन त्रुटी सापडल्या." डोळ्यांत कौतुकाची अपेक्षा असते. वय विशीतलं असेल तर मी मुलाखत बाजूला ठेवते आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 43 आणि 66 समजावते. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हे 43मध्ये बसतं, आणि ते अप्रामाणिक हेतूनं केलं तर 66खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानगी लेखी घ्यायची, मग यंत्राला हात लावायचा. आमच्या धंद्यात चोर आणि आम्ही एकाच हत्यारानं काम करतो. मध्ये असतो तो परवानगीचा कागद.

ऑगस्ट 2018नंतर बरेच दिवस प्रत्येकाच्या तोंडी कॉसमॉस बँकेवरच्या सायबर हल्ल्याचं उदाहरण होतं. पुण्यातली बँक, त्यामुळे समोरच्याच्या घरातलं कुणीतरी खातेदार असायचंच. 11 आणि 13 ऑगस्टला मिळून 94 कोटी रुपये गेले, 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. मी विचारायची, बँकेच्या मूळ प्रणालीला ते कसं कळलं नाही? थोडेच जण नीट सांगत. चोरांनी एटीएमच्या विचारणांना उत्तर देणारा खोटा स्विच उभा केला होता, तोच परस्पर 'मंजूर' म्हणत होता, आणि विचारणा मूळ प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती. तिथेही पाहायला हवं होतं ते न आलेल्या ओळींकडेच.

2022 साली सायबर हल्ल्यांबाबत केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचा आदेश आला, तेव्हापासून मुलं 'सहा तासांत कळवायचं, 180 दिवस लॉग ठेवायचे' हे झोपेतही सांगतात. ठेवलेल्या लॉगमध्येच भोक असेल तर काय, यावर थांबतात. लॉगची प्रत त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावर गेली पाहिजे, हे उत्तर आलं की मला बरं वाटतं.

आता ऑनलाइन मुलाखतीत उमेदवाराची नजर डावीकडून उजवीकडे सरकत असते, एआयनं लिहिलेलं उत्तर तो वाचत असतो. म्हणून शेवटची फेरी मी समोरासमोरच घेते. मध्यंतरी अंबाजोगाईकडचा एक मुलगा आला. पस्तीस मिनिटांची खळ त्यानं पटकन पकडली, पण मान्य करेना. "मॅडम, घड्याळ मागे पडलेलं असेल आणि मध्येच दुरुस्त होऊन पुढे उडी मारली असेल तरी असंच दिसेल." तर्क बिनतोड होता. मी म्हटलं, मग ठरवायचं कसं? त्यानं ओळींमधल्या चौकटी कंसातले आकडे वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नव्या प्रक्रियेला यंत्र पुढचा क्रमांक देत जातं. खळीच्या आधी तो 21407 होता, नंतर 22960. "घड्याळ सरकलं असतं तर आकडा थोडाच वाढला असता. मधे दीड हजार प्रक्रिया चालल्यात. काम झालंय, नोंदी काढल्यात."

इतक्या वर्षांत त्या कागदावरून मला असं कुणी सांगितलं नव्हतं. आमचं बोलणं लांबत गेलं, एचआरच्या मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: फायरवॉलचे नियम कच्चे आहेत, शिकवावे लागतील. घ्यावं.