तवंदीच्या घाटातली पाटी

निपाणी,
रविवार, रात्री

चि. सौ. बेबीस,

दुपारी तू फोन ठेवलास तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. भाकरी तशीच झाकून ठेवली आहे. गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झालीस याचं मला एवढं काही वाटलं नाही. लागलं ते तुझं शेवटचं वाक्य. "मावशी, शिस्त या जर्मनांच्या रक्तातच आहे गं, आपल्या रक्तात नाही." हे तू बोललीस? सौंदत्तीच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्या आजीची नात तू.

तुझा प्रश्न एवढाच होता की तिसऱ्यांदा परीक्षेला बसू की सोडून देऊ. बस. फीचे पैसे गेले तर गेले. त्याचं उत्तर झालं. पण रक्ताचं जे बोललीस ते मनातून जाईना, म्हणून कागद पुढं ओढला. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. मी सांगायला लागले की "बरं मावशी, ठेवते" म्हणतेस.

तू सांगितलंस ते सगळं मी दुपारपासून डोळ्यांपुढं आणतेय. पहिल्या वेळी चौकात पाटी नव्हती, दिवे नव्हते, उजवीकडून गाडी येत होती. तिकडं अशा वेळी उजवीकडच्याचा मान आधी, आणि तू आपली गाडी काढलीस. दुसऱ्या वेळी रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपाशी एक म्हातारी पाऊल टाकायच्या बेतात उभी होती. तू वेग कमी केलास आणि तिच्या पुढून गाडी काढणार, एवढ्यात शेजारी बसलेल्या मास्तरानं आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. त्यानं ब्रेक दाबला की परीक्षा संपली. तू म्हणालीस, "मला ती दिसली होती गं." दिसली असणारच. तुझे डोळे चांगले आहेत. पण थांबायचं तुझ्या मनातच आलं नाही. ते का आलं नाही हे मला ठाऊक आहे, कारण तुला गाडी मी शिकवली.

टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान आठव. माझी लुना, तू बारावीत, आणि मी मागं बसून तुझा खांदा घट्ट धरलेला. "थांबू नकोस, थांबलीस की पडलीस. अंगठा हॉर्नवर ठेव." मैदानात ते खरंच होतं. शिकाऊ माणसाची गाडी थांबली की कलंडते. पण तेच वाक्य घेऊन तू काँग्रेस रोडला लागलीस आणि मी तुला अडवलं नाही. निपाणीत मी लुना घेतली तेव्हा रस्त्यावर बाई थांबली की मागचे चौघे हॉर्न मारायचे, बाजूनं जाणारा काहीतरी बोलून जायचा. म्हणून मी ठरवलं होतं की कुठंच थांबायचं नाही. माझ्यापुरतं ते धैर्य होतं. तुला मात्र ती सवय म्हणून मिळाली, आणि आज जर्मनीत एका म्हातारीपुढं तीच आडवी आली.

गेली कित्येक वर्षं मी हेच सगळ्यांना सांगत आलेय, तुझी आई ऐकून कंटाळली आहे, तरी तुला सांगते. आपल्याकडं नियम कुणाला माहीत नाहीत असं अजिबात नाही. थांबणं म्हणजे हरणं, एवढं एकच आपण लहानपणापासून शिकलोय. जो थांबला तो मागं पडला, तो घाबरला, त्याला येत नाही. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी तू रोज उभी असायचीस की! गेट पडलं की काय व्हायचं? डावीकडं रांग लागायची, मग रांगेच्या उजवीकडून स्कूटरी यायच्या, त्यांच्या उजवीकडून मोटारसायकली, आणि रिक्षा मधल्या फटीत. पलीकडच्या बाजूलाही हुबेहूब तसंच. गाडी निघून जायची, गेट वर जायचं, आणि दोन फौजा समोरासमोर आल्यासारखी सगळी माणसं रुळांवर एकमेकांपुढं. शाळेची पोरं, दूधवाले, दवाखान्यात निघालेलं कुणीतरी. दोन मिनिटांचं काम दहा मिनिटं व्हायचं. त्यातला एकही माणूस वाईट नव्हता. पाच फूट मागं उभं राहण्यात आपलं काही जातंय, एवढंच प्रत्येकाला वाटत होतं.

आता रक्ताचं बोलू. १९७० साली एकट्या पश्चिम जर्मनीत वर्षाला एकोणीस हजारांवर माणसं रस्त्यावर मेली. आज पूर्व-पश्चिम मिळून सगळ्या जर्मनीत तो आकडा तीन हजारांच्या आत आहे, गाड्या मात्र कितीतरी पटींनी वाढल्या. मधल्या काळात त्यांचं रक्त कुणी बदललं? १९७२ ला गावाबाहेरच्या रस्त्यांवर ताशी शंभराची मर्यादा आली, पाठोपाठ दारूची मर्यादा आली. सीटचा पट्टा सक्तीचा झाला तरी लोक लावत नव्हते. १९८४ ला दंड बसायला लागला तेव्हा हात पट्ट्याकडं गेले. हॉलंडची गोष्ट तर मी शाळेतल्या मुलींना कितीदा सांगितली असेल. तिथं १९७१ साली रस्त्यावर तीन हजारांवर माणसं गेली, त्यात चारशेवर लेकरं होती. आईबाप रस्त्यावर येऊन बसले, पोरांचा खून थांबवा म्हणाले, आणि आज जे सायकलींचं हॉलंड तू फोटोत पाठवतेस ते त्यानंतर घडत गेलं. तू तिथं पोचलीस तेव्हा ताट वाढलेलं होतं, बेबी. चूल कुणी पेटवली ते तू बघितलं नाहीस.

आणि आपली माणसं थांबत नाहीत असं कोण म्हणतं? मार्गशीर्षात यल्लम्माला निघालेली मंडळी महामार्गाच्या कडेनं चालत असतात तेव्हा बघ. बाया डोक्यावर देवीचा जग घेऊन चालतात, आणि मागून येणारा ट्रकवाला हॉर्नला हात लावत नाही. गाडी हळू करतो, काचेतून हात जोडतो, मगच पुढं जातो. दिंडी आली की वडापवाला खाली उतरून पोरांना बाजूला घेतो. तिकडं जॅममध्ये सगळ्या गाड्या दोन्ही कडांना सरकून अँब्युलन्सला मधून वाट देतात, तो व्हिडिओ तू मला पाठवला होतास. आपण देवाच्या पालखीला तशीच वाट देतो. देवापुढं थांबण्यात आपल्याला कमीपणा वाटत नाही. पायी चालणाऱ्या माणसापुढं वाटतो, एवढाच काय तो फरक, आणि तो शिकवून घालवता येण्यासारखा आहे.

कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्यांची लिपी बदलते, एस.टी.चा रंग बदलतो, पण केए तेवीसवाला आणि एमएच नऊवाला अगदी सारखे चालवतात. माणूस शेजारचा कसा चालतो ते बघून चालतो. पोर्तुगालनं १९२८ साली उजव्या बाजूनं चालायचं ठरवलं तेव्हाही गोवा डावीकडूनच चालत राहिला, कारण भोवतीचा सगळा मुलूख डावीकडून चालणारा. स्टुटगार्टात तू बदलशील ती याच कारणानं, आणि इथं आलीस की परत पहिल्यासारखी चालवशील तीही याच कारणानं. त्याचीच मला धास्ती आहे. ऑगस्टात आल्यावर "गाडी मीच चालवणार" म्हणालीस ना? तवंदीच्या घाटात मी तुझ्या हातात गाडी देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

घाटातली ती पिवळी पाटी आठवते? "निधानवागि चलिसि." तुझ्या शाळेत कानडी नुकतं सुरू झालं होतं, तू एकेक अक्षर लावून वाचलंस आणि विचारलंस, "मावशी, इथं कसलं निधान पुरलंय?" आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. कानडीत निधान म्हणजे सावकाश. अण्णांनी तिथंच कडेला गाडी उभी केली, तुला दोन्ही अर्थ सांगितले, आणि स्तवनिधीच्या डोंगराकडं हात करून म्हणाले, याच्या तर नावातच निधी आहे. त्या घाटात कडेला गाडी उभी करून लेकराशी बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. निपाणीकडच्या उतारावर कंटेनरचे ब्रेक लागले नाहीत आणि तो पुढच्या गाड्यांवर गेला, अशी बातमी आली की मी अजून पेपर उलटा करून ठेवते.

संकेश्वरच्या त्या अपघाताच्या रात्रीबद्दल तुला काही लिहीत नाही. तुझ्या आईनं त्यानंतर चहात साखर घातलेली नाही, ते तुला माहीत आहे. एवढंच सांगते, की परवा गळीत संपायच्या सुमाराला मी संध्याकाळच्या बसनं बेळगावहून येत होते. यमकनमर्डीच्या पुढं आमच्या समोर एक ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. शेवटच्या ट्रॉलीला कुणीतरी पांढरं पोतं बांधलं होतं, ते वाऱ्यानं गुंडाळून वर गेलेलं. बसच्या उजेडात आधी उसाची कापलेली टोकं दिसली, पांढरी, आणि मग ट्रॉली दिसली. बस आणि ट्रॉलीमध्ये अंतर किती होतं म्हणशील तर आपलं परसू जेवढं आहे तेवढं. मी पुढच्या सीटची दांडी धरली ती हत्तरगीचा टोल येईपर्यंत सोडली नाही. त्या ट्रॅक्टरवरचा पोरगा वीस-बावीसचा असेल. एका खेपेचे पैसे आणि पुढची खेप, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याला ओरडून काय होणार? ट्रॉलीला लाल पत्रा लावून द्यायला किती खर्च येतो? कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजून घेतात, तिथंच मागचा दिवा बघून घेतला तर काय बिघडेल? मी दोन ठिकाणी अर्ज देऊन आले. पोच मिळाली आहे.

उलट्या बाजूनं येणाऱ्यांना तू गेल्या खेपेला अडाणी म्हणालीस, त्याचाही मला राग आला होता, तेव्हा पाहुणे होते म्हणून गप्प बसले. ज्याचं शेत रस्त्याच्या पलीकडं आहे आणि दुभाजकाला वाट लांब पुढं ठेवली आहे, तो वैरणीचा भारा मागं बांधून तेवढा वळसा घेईल का? मोठा रस्ता पुण्या-बंगळूरच्या गाड्यांसाठी आखला, मधल्या गावांना विचारलं नाही. तो चुकतो, आणि त्याचा जीव जातो. देशात २०२२ साली १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली जवळजवळ निम्मी दुचाकीवरची, आणि दर पाचांत साधारण एक पायी चालणारा. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. निपाणीसारखी दोन गावं वर्षात रिकामी होतील एवढी माणसं.

बघ, कुठून कुठं गेले. आता ज्यासाठी झोप येत नाही ते लिहिते. तुझ्या लेकाचं, सोन्याचं.

गेल्या खेपेला चन्नम्मा चौकात काय झालं ते मी तुला पुरतं सांगितलं नव्हतं. तू औषधांच्या दुकानात होतीस. तो माझा हात धरून उभा होता, समोर पट्टे दिसले तसा त्यानं हात सोडवून घेतला. आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, शाळेत शिकवलेलं असणार, हात थोडासा पुढं केला आणि सरळ चालायला लागला. त्याच्या तोंडावर भीती नव्हती गं. गाड्या थांबणार याची त्याला खात्री होती, रात्रीनंतर सकाळ होणार याची असावी तशी. मी त्याची कॉलर धरून मागं ओढलं. बस त्याच्या बुटाच्या टोकापासून हातभर अंतरावरून गेली. त्याला लागलं काही नाही. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "त्यांना मी दिसलो नाही का?" काय सांगायचं त्याला? दिसला होतास, असं कसं सांगू?

घरी आल्यावर मी कॉलर धरली म्हणून तू मला बोललीस. बोललीस ते बरोबर होतं, शिलाई उसवली होती.

तेव्हापासून मी दोन मनांत आहे. तुला सांगावं की येण्याआधी त्याला शिकव, इथं कुणी थांबत नाही, पट्ट्यांवर भरवसा ठेवू नकोस. पण मग तो तेच घेऊन मोठा होईल, जसं तू माझ्याकडून घेतलंस. आणि न शिकवावं तर पाच आठवडे मी त्याला कसा सांभाळू? माझे गुडघे आता पूर्वीसारखे पळत नाहीत. बसस्टँडसमोरचा रस्ता ओलांडायला मलाच कुणाचा तरी हात लागतो. आल्यावर पहिले काही दिवस त्याला चौकात नेऊच नकोस. सांबऱ्याच्या विमानतळावर मी स्वतः गाडी घेऊन येते, ड्रायव्हर आपला ओळखीचा आहे, चाळीसच्या वर जात नाही. तू मागं सोन्याजवळ बस, पट्टा दोघांनी लावा. मागच्या सीटला पट्टा कशाला, असं इथं कुणी म्हटलं तर त्यांचं ऐकू नकोस.

परीक्षा कधी आहे ते कळव. त्या दिवशी सकाळी मी देवापुढं बसेन. म्हातारी दिसली की पाय ब्रेकवर ठेव आणि ती पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत उचलू नकोस, मागचा काय म्हणेल याचा विचार करू नकोस. खांद्यावरून मान वळवून बघायला विसरू नकोस म्हणून तिकडचे मास्तर सांगतात, तेही लक्षात ठेव. थंडी असेल तर कान झाक.

तुझी,
मावशी

ता. क. सोन्याचं पाऊल कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलनं कड काढ आणि त्याचा फोटो पाठव. कापशीला चप्पल करायला टाकते. मागचं माप आता लहान होईल.